मुक्ताची साइट घरी चालवताना

९ जानेवारी, वाई
लॅपटॉपच्या काळ्या खिडकीतला तो पांढरा ठोकळा, कर्सर म्हणतात त्याला, अखंड डोळे मिचकावतो. एका प्रौढ, विवाहित संस्कृत शिक्षकाकडे पाहून असं करणं कोणत्याही शास्त्रात बसत नाही. तक्रार कुणाकडे करावी?

लेकीची, मुक्ताची, अर्धवट साइट माझ्या लॅपटॉपवर चालवायची आहे. शाळेतल्या पोरांना धातुरूपं पाठ व्हावीत म्हणून पुण्यात फावल्या वेळात करत होती. नोकरी गेली, दिवाळीत घरी आली. तेव्हापासून स्वतःचा लॅपटॉप बॅगेतून काढलेला नाही. म्हटलं, मी चुकत बसलो की शिकवायला तरी येईल.

हाक मारली तर म्हणाली, "नंतर बघू, बाबा."

१० जाने.
साइट जिच्यात लिहिलीय ती म्हणे फंक्शनल भाषा. एकदा क्ष म्हणजे पाच म्हटलं की शेवटपर्यंत पाचच. तत्त्व आवडलं; असली माणसं आमच्या स्टाफरूममध्ये हवीत. बसवणं मात्र... आधी कंपायलर, म्हणजे ही भाषा यंत्राला समजावणारा दुभाषी, त्याच्या आधी कंपायलर आणणारा, मग डेटाबेस. डाउनलोड संपत आलं आणि लाइट गेली. राउटर बंद. पुन्हा पहिल्यापासून. संताप.

शेजारचे तानाजीराव, निवृत्त सुभेदार, खिडकीतून: "आवं गुरुजी, लेक इंजिनेर घरात बसलीया, तिला लावा की कामाला! तुमी कशापायी डोळं फोडताय?"

आत ऐकू गेलं. तिच्या खोलीचं दार लागलं.

तानाजीरावांना काय बोललो ते इथे लिहीत नाही. देवभाषेत नव्हतं.

१२ जाने.
सगळं बसलं, तरी चालू होईना. लाल अक्षरांत तक्रार: सेटिंगच्या फाइलची पहिली ओळ कळत नाही. लॅपटॉप आपटला. सौ. म्हणाली, "अजून एकदा आपटा, म्हणजे चालेल."

मुक्ता पाणी प्यायला आली होती. मागे थांबली. "बाबा, फाइलच्या डोक्यावर ॥ श्री ॥ लिहिलंय तुम्ही."

लिहिणारच. कोरा कागद दिसला की हात आधी तिकडेच जातो. "मग? कंपायलर नास्तिक आहे का?"

ओठाचा कोपरा हलला. निदान मला तसं वाटलं. श्री काढला. पान उघडलं! वळून पाहिलं तर ती नव्हती.

१३ जाने.
मुद्दाम श्री परत घातला. हाक मारली, "मुक्ता, बघ गं, पुन्हा रुसलं."

आली. पाहिलं. "मुद्दाम केलंत ना?"

पूर्वी एवढ्यावर मला दिवसभर छळलं असतं. आज ओळ पुसली आणि गेली.

दुपारी सांगलीहून मेव्हणीचा फोन. "पाठवा तिला इकडं, चार माणसांत रमेल." मेव्हणीवरही ओरडलो. सध्या सगळ्यांवर ओरडतोय. यंत्रावर, लाइटवर, तानाजीरावांवर.

साइट चालो, न चालो. पोरगी जेवते, विचारलं तर उत्तर देते, भांडत मात्र नाही. तिच्या दाराशी उभा राहतो, आतून काही हालचाल ऐकू येईपर्यंत. आज बराच वेळ काहीच आलं नाही. मग पलंग करकरला.

मला भीती वाटते. सौ.ला सांगितलेलं नाही. मुक्ताला डॉक्टरकडे न्यायला हवं का, आणि तिला ते कसं विचारायचं, मला कळत नाही.