एका ट्रेमध्ये मायलेक

वन्सं, नमस्कार. गुडघे वळणावर आले का?

त्या सकाळी मी दूध तापवलं, पाणी भरलं, यांचा चष्मा पुसून परत कपाटात ठेवला (हे जाऊन पाच वर्षं झाली तरी पुसते; काचेवर धूळ यांना खपत नसे) आणि केर काढायला वाकले, तोच फोन वाजला. यांच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई. कॅन्सरच्या गाठींचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, त्या वड्यांवर तीस वर्षं यांनीच आकडे आणि अवयव लिहिले. यांचा एक आणि सात मेला कुणाला ओळखू येईना. माझा सगळा संसार यांच्या हातच्या किराणा याद्या वाचण्यात गेलेला.

गेले. अडलेले आकडे वाचून दिले. बाई चहाला गेल्या आणि माझं लक्ष टेबलावरच्या ट्रेंकडे गेलं. फुफ्फुसाची वडी आतड्याशेजारी, आतड्याची गर्भाशयाला खेटून! यांच्या वेळी प्रत्येक अवयवाला स्वतंत्र खण असे (तुम्ही यांना पसारेवाला म्हणायचात, म्हणून मुद्दाम सांगते). मी पदर खोचला आणि अर्ध्या तासात सगळं अवयवांप्रमाणे लावलं. आकड्यांकडे बघितलंही नाही. बाई आल्या, ट्रे बघितले आणि खुर्चीत बसल्या. मी मोडलं ते त्यांचं दोन महिन्यांचं काम होतं.

मग त्यांनीच समजावलं (मी वाचनालयातून जनुकांवरची दोन पुस्तकं आणून वाचली होती, पण इतकं सोपं त्यांत नव्हतं). पूर्वी गाठ कुठे आली ते बघत, आता पेशीतला कोणता जनुक बिघडला ते बघतात. बिघाड एक, तर ट्रे एक. अवयव कुठलाही असो.

यादी घेऊन आम्ही दोघी पुन्हा मांडायला बसलो, तर एका ट्रेत यांच्याच गाठीचा आकडा आला आणि लगेच सासूबाईंचा. दोन्ही मला पाठ, दोघांच्या दुखण्याच्या फायली मीच सांभाळल्या. यांचं आतडं, त्यांचं गर्भाशय. घरात अकरा वर्षं एका खोलीत न बसलेली माणसं! मी म्हणाले, "ही आई, हा मुलगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणखी भावंडं आहेत?"

ता. क. हे गेले तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात, माझ्या हातच्या तिखटाने यांचं आतडं गेलं. तिखट निर्दोष सुटलं आहे. महिनाभर मिरवणार होते, पण तेवढी सवड नाही.

ता. क. (दुसरा) हा बिघाड तुमच्यातही असू शकतो, नसूही शकतो. रक्त तपासून कळतं, आणि वेळेत कळलं तर लक्ष ठेवता येतं. मला टोमणे मारणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन तुमच्या नावाने रक्ततपासणीसाठी येत्या सोमवारची, सकाळी दहाची वेळ घेतली.