ड्यूटीवरची आई

आई, काल माझी नात विचारत होती, "पणजी खरंच फौजेत होती?" मी म्हटलं, फौजेत नाही, होमगार्डमध्ये. फौज रोजची असते. गरज पडली की तुला बोलवायचे, एरवी तू आमच्या पोळ्या लाटायचीस. तिला हे फार आवडलं. सांगताना मलाही.

बाबांची चंदीगडला बदली झाली तेव्हा तू साताऱ्याबाहेर फारशी पडलीच नव्हतीस. सेक्टर बावीसमध्ये वरच्या मजल्यावर आपल्या दोन खोल्या, आणि खाली आपल्या पंजाबी घरमालकीण, बीजी. त्यांनीच तुला पहिल्यांदा परेडला ओढून नेलं. शिकवणारे हवालदार ओरडायचे, "बहनजी, कदम लंबा!" जन्मभर साडीत चाललेली तू, खाकी सलवार-कमीजमध्ये मोठं पाऊल टाकायला लाजायचीस. मग घरी ओट्यापासून दारापर्यंत सराव, आणि तव्यावरची पोळी करपलेली. मला चादरीच्या स्ट्रेचरवर झोपवून तू आणि बीजी जिना उतरायचात. मी खिदळले की दटावायचीस, "अंग सैल सोड. जखमी माणूस हसतो का?" बीजींना मराठी कळत नसे, तरी त्याही डोळे वटारायच्या.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध सुरू झालं आणि बाबा आपल्या दोघींची गावची तिकिटं घेऊन आले. अजून दिसतं मला. तू कणीक मळते आहेस, बाबा दारात उभे आहेत. "उद्या निघा. विमानतळ किती जवळ आहे, माहिती आहे ना?"

"अहो, मला हॉस्पिटलवर बोलावलंय."

"तू काय सैनिक आहेस?"

तुझे हात थांबले नाहीत. "शिकवलंय त्यांनी मला. आता खरंच लागलं, तर गावी जाऊन बसू? पोरीला पाठवा हवं तर."

मी म्हटलं, आईशिवाय जाणार नाही. बाबांनी तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, "पिठलं कसं करतात, तेवढं तरी सांगून जा."

त्या पिठल्यात गुठळ्याच जास्त होत्या. ड्यूटीवरून आल्यावर तू ते मुकाट्याने खायचीस. जखमी जवानांना अँब्युलन्समधून उतरवून आत न्यायचं, हे तुझं काम. एकदा हात धुता धुता म्हणालीस, "आज कराडकडचा पोरगा होता. माझी भाषा ऐकून म्हणतो, मावशी, पाडू नका हं." हात पुसत खाली बसलीस. "नाही पाडलं." आणि बसल्या जागीच तुझा डोळा लागला.

युद्ध संपलं, तू पुन्हा पोळ्यांकडे वळलीस. पण पाऊल लांबच राहिलं. बाजारात बाबा मागून हाका मारायचे, "अगं, हळू!"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. त्या दिवसांत माझी शाळा बंद होती. बाबा जेवणाच्या सुट्टीत घरी यायचे, मला सायकलच्या दांडीवर बसवायचे आणि आम्ही हॉस्पिटलच्या फाटकासमोर जाऊन उभे राहायचो. स्ट्रेचर धरून तू नजरेला पडलीस की बाबा म्हणायचे, "दिसली. चल." आणि आम्ही परत. "आईला सांगायचं नाही," अशी ताकीद होती. मी ती आजवर पाळली. आता तेही तिकडेच आहेत. पण त्यांनी तुला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.