पुस्तिकेतलं सातवं पान

बुधवार, ६ नोव्हेंबर १९९१

ती. फुसाएताईस,
तामोत्सुचा सा. न. वि. वि.

सकाळी कोरडा वारा होता. लोणच्यासाठी पन्नास मुळे धुऊन पडवीच्या बांबूला वाळत टांगले. दहाला नगरपालिकेत गेलो, साडेबाराला परत आलो. जेवणाला नूडल्स केल्या.

क्षेमकुशलाच्या ओळी या वेळी गाळल्या, रागावू नकोस. फोन करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आरोग्य विभागाच्या खिडकीवर आता कुमारी नाकाता म्हणून नवी मुलगी बसते. फार नम्र आहे. प्रत्येक वेळी उभी राहते, वाकते आणि एक कागद कमी आहे म्हणून सांगते. ही माझी पाचवी खेप. आज तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मुलगी चिहारु, तेरा महिन्यांची असताना शाळेच्या हॉलमध्ये देवी काढल्या, आठव्या दिवशी झटके आले, त्यानंतर ती कधी बसली नाही की बोलली नाही, आणि या ऑगस्टमध्ये तेविसाव्या वर्षी गेली. लशीने इजा झालेल्यांना सरकार भरपाई देतं, त्याचा हा अर्ज. आई योशिनो, चार वर्षांपूर्वी वारली. खिडकीवरच्या मुलीने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, मग इथे आईची सही कधी मिळेल?

आज तिने माता-बाल पुस्तिका मागितली. तिच्या सातव्या पानावर लस कधी, कुठे आणि कुठल्या तुकडीतली दिली त्याचा शिक्का असतो. नगरपालिकेचं स्वतःचं रजिस्टर पाच वर्षांनी रद्दीत जातं. म्हणजे त्यांनी ठेवलं नाही हा नियम, आणि माझ्याकडे नाही हा माझा दोष. मी सांगितलं की पुस्तिका शवपेटीत मुलीबरोबर ठेवली होती, तिच्याबरोबरच जळली. तिला वाईट वाटलं. मग म्हणाली, तसा दाखला दहनगृहाकडून मिळेल का?

तीस वर्षं मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत बसून मीही लोकांना असाच परत पाठवत होतो. ते का ओरडायचे ते आता कळतं.

देवी काढल्या त्या दिवशी तुझा मिनोरुही त्याच रांगेत होता. त्याच्या पुस्तिकेचं सातवं पान पुरावा म्हणून धरता येईल असं कुमारी नाकाता म्हणतात. जमेल तेव्हा शोध. तू स्वतः माळ्यावर चढू नकोस, भावोजींना चढव.

आहे ती माया राहू दे.
तुझा धाकटा,
तामोत्सु


नीगाता, ११ नोव्हेंबर

चि. तामोत्सुस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पन्नास मुळे! एकट्या माणसाला? योशिनो पन्नास टांगायची, कारण ती अर्ध्या गल्लीला लोणचं वाटायची. तू कोणाला वाटणार, खिडकीवरच्या त्या मुलीला? आणि मागच्या वर्षी तू कोरडे व्हायच्या आधीच पिंपात घातलेस. मुळा दोन्ही टोकांनी धरला की धनुष्यासारखा वाकला पाहिजे, हे तुला किती वेळा सांगायचं?

आम्ही बरे आहोत. माझे गुडघे आपल्या मर्जीने चालतात. ह्यांना कानाचं यंत्र घेतलं, पण मी बोलायला लागले की ते बंद करतात.

पुस्तिकेचं म्हणशील तर आम्ही तीन घरं बदलली. कुठे गेली असेल, देव जाणे. आणि माझं ऐकशील तर तो अर्ज सोड. चपला झिजवून काय मिळणार? उद्या त्यांनी विचारलं, अंगात ताप असताना पोरीला रांगेत नेलीच कशाला, तर काय सांगशील? योशिनो बिचारी सुटली. तिची चूक आता सरकारी कागदावर कशाला आणतोस?

गरम कपडे घाल. मोठ्या बहिणीचं ऐकायची सवय मोडू नकोस.
फुसाए


शनिवार, १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहनगृहात जाऊन आलो. तिथल्या म्हाताऱ्याने विचारलं, चष्मा होता का, बूट होते का. ते आम्ही आधीच काढून ठेवतो, त्याची नोंद असते. कागदाची नोंद कशी ठेवणार, म्हणाला. चहा दिला, दाखला दिला नाही. कुमारी नाकाता म्हणाल्या, दाखला मिळत नाही असं तरी ते लिहून देतील का? मी पाच मिनिटं बाहेर जाऊन उभा राहिलो.

काल साप्पोरोहून मिनोरुचा फोन आला. मामा, जेवता ना नीट, म्हणून चौकशी केली. बोलता बोलता म्हणाला की सूनबाईला दिवस गेलेत, म्हणून तू तिला त्याची लहानपणची पुस्तिका काढून दाखवलीस. मागच्याच महिन्यात. शिवणयंत्राच्या खणात असते म्हणे. मी त्याचं अभिनंदन केलं. तुझंही करतो.

ताई, मी तुला आजवर उलटून बोललो नाही. भरपाई मला नको असं नाही, छप्पर गळतं आहे. पण छपरासाठी मी इतक्या खेपा घातल्या नसत्या. मंजुरीच्या कागदावर एक ओळ असते, की हे लशीमुळे झालं. ती मला हवी आहे. तेरा वर्षांपूर्वी हाच अर्ज मी घरी आणला होता. योशिनोने तो खणात ठेवून दिला. म्हणाली, ताप असताना का नेलंत, असं विचारतील. मी त्या दिवशी बंदरावर होतो, म्हणून विचारलं, होता का ताप? ती म्हणाली, सगळेच म्हणतात, म्हणजे असेल.

लस वाईट असं मी कुठेच म्हटलेलं नाही. देवीने आपल्या गावात कोणी गेलं नाही, आणि मिनोरु बाप होतो आहे. सगळ्यांची मुलं वाचताना आमची एक गेली असेल, तर तेवढं लिहून द्या आणि तिच्या आईचं नाव त्यातून काढा. माझं मागणं एवढंच आहे.

खण उघडून बघ.
तामोत्सु


नीगाता, २३ नोव्हेंबर, रजिस्टर पोस्टाने

चि. तामोत्सुस,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

सोबत मिनोरुची पुस्तिका पाठवते. नुसतं पान नाही, अख्खी. दुसऱ्या कागदावर माझं निवेदन आहे, खाली माझा सहीचा शिक्का मारला आहे. ते त्या मुलीला दे. त्यात आहे तेच इथेही लिहिते, म्हणजे तुला ते पहिल्यांदा कचेरीत उभं राहून वाचावं लागणार नाही.

चिहारुला ताप नव्हता. नाक वाहत होतं. योशिनो म्हणाली, वन्सं, मी पुढच्या खेपेला नेते. मी म्हटलं, पुढची खेप सहा महिन्यांनी, आणि मी एकटीने त्या गारठ्यात रांगेत उभं राहायचं का? चल. तरी ती उठेना, तेव्हा चिहारुला मीच माझ्या पाठीला बांधलं आणि मिनोरुला तिच्याकडे दिलं. दारात नर्सने थर्मामीटर लावला, काही नव्हतं. योशिनोने तरी डॉक्टरांना विचारलं, सर्दी आहे, चालेल ना? ते चालेल म्हणाले.

ताप आठ दिवसांनी आला. आईने मला विचारलं, पोर आधीच आजारी होती का? मी म्हटलं, योशिनोने ताप असताना आणली होती. एकदाच म्हटलं. मग ते आईने म्हटलं, मावशीने म्हटलं, शेजारणींनी म्हटलं. मला पुन्हा म्हणावं लागलं नाही. आणि परवा तुला पाठवलेल्या पत्रात मी पुन्हा तेच लिहिलं.

पुस्तिका पेटीत ठेवू या, चिहारु ती आईकडे घेऊन जाईल, हे मीच सुचवलं होतं. सगळे रडले. मीही खरंच रडले. पण तिच्या बाहीखाली ती सरकवताना मला सातवं पान आठवत होतं, ते जळलं की त्या दिवसाबद्दल कोणी विचारणार नाही. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त ते विचारू नकोस.

उत्तर नाही आलं तर मी समजेन. पिंपावर दगड ठेवताना कंबर सांभाळ.
फुसाए


मंगळवार, ३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

पुस्तिका आणि निवेदन मिळालं. पोच द्यायला उशीर झाला.

निवेदन जमा करण्याआधी दोघींच्या फोटोंसमोर उदबत्ती लावून मोठ्याने वाचलं. ताप नव्हता, या वाक्यापाशी आलो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

काल नगरपालिकेत गेलो. माझ्या कुटुंबनोंदणीची नक्कल तीन महिन्यांपेक्षा जुनी झाली होती. नवी खालच्या मजल्यावर मिळते. खाली म्हणाले, त्याचा फॉर्म वर मिळतो. वर गेलो, खाली आलो, परत वर गेलो. मग कुमारी नाकाता यांनी तुझं निवेदन वाचलं. उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि या वेळी काही कमी आहे असं म्हणाल्या नाहीत. आता तोक्योमध्ये समिती बसेल. उत्तराला दीड वर्ष लागेल म्हणतात.

तुला काय लिहावं ते ठरत नव्हतं. मी रागावलो आहे. माझ्या घरात एक बाई अठरा वर्षं स्वतःला दोषी समजून राहिली आणि मी तिला, तुझा दोष नाही, असं म्हणू शकलो नाही. पण सरकारच्या आधी तू लिहून दिलंस, हेही खरं आहे. सुतकाचं साल आहे, नव्या वर्षाला येऊ नकोस. एप्रिलमध्ये ये. तोवर लोणचं मुरेल. गल्लीत वाटायला मला कोणीतरी बरोबर लागेल.

मिनोरुची पुस्तिका त्यांनी ठेवून घेतली आहे. परत मिळाली की सूनबाईकडे पाठवतो.

तामोत्सु

ता. क. मुळे आता धनुष्यासारखे वाकतात. पिंपात कोंडा आणि मीठ घालून रचले आहेत. योशिनोचा दगड परसात पडून होता, त्याला शेवाळ धरलं होतं. घासून धुतला. आता झाकण लावून तो वर ठेवतो.