खालचं अर्धं सासूबाईंचं

८ नोव्हेंबर

सासूबाई स्टुलावरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

कारण काय, तर लोकर! कपाटाच्या वरच्या फळीवर पिवळ्या लोकरीचे गुंडे होते. मी घरात होते, माझे दोन्ही हात शाबूत होते, मी म्हटलंही, "आई, थांबा, मी काढून देते." तर म्हणाल्या, "नको. तू डाव्या हाताने काढायला जाशील आणि सगळं खाली आणशील." मग त्या स्वतःच सगळं घेऊन खाली आल्या.

हे मी फक्त इथेच लिहू शकते. दवाखान्यात तोंडावर रुमाल धरून बसले होते. नवऱ्याला वाटलं रडतेय. बिचारा पाठीवर थोपटत होता.

९ नोव्हेंबर

प्रश्न ब्लँकेटचा आहे. वन्संना जानेवारीत बाळ होणार. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर! चाळिशीला टेकल्या तरी घरात अजून चिमीच. डॉक्टरांनी त्यांना पलंगावरून हलायचं नाही अशी तंबी दिलीय. आणि चिमी अशी, की इकडे आई शिंकली की तिकडे ही बॅग भरायला घेते. म्हणून सासूबाईंचा हुकूम — "हाताचं चिमीला कळता कामा नये." व्हिडिओ कॉलला प्लास्टर शालीखाली.

पण ब्लँकेट गेलं नाही तर कळणारच. सासूबाईंनी आजवर एकाही बाळाचं ब्लँकेट चुकवलेलं नाही. शेजारपाजारची निम्मी पोरं त्यांच्याच क्रोशाच्या ब्लँकेटात वाढली. चिमीचं नेमकं अर्धं झालंय. अर्धं बाकी.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

१० नोव्हेंबर

पहिला धडा.

मी डावरी. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून माझा डावा हात सासूबाईंच्या डोळ्यांत सलतो. मी भाजी चिरायला घेतली की त्या खोलीतून निघून जातात. "बघूनच कसंतरी होतं गं मला!" आता त्याच हाताकडे टक लावून बसायची पाळी आलीय.

"सुई उजव्या हातात धर." धरली. लोकर डाव्या बोटावर. साखळी घालायची. सुई लोकरीत घुसली, लोकर अंगठीत अडकली, अंगठी माझ्या बोटात. शेवटी कात्री आणावी लागली.

"बरं, धर डाव्या हातात," सासूबाई म्हणाल्या. असा आवाज, की जणू घर विकायला काढलंय.

१२ नोव्हेंबर

साखळी जमली! सलग, हातभर! नवऱ्याला दाखवली. म्हणाला, "वा! नाडी का?"

सासूबाई म्हणाल्या, "घट्ट केलीस. दोर वळतेस का?"

१४ नोव्हेंबर

परवा घट्ट म्हणून आज सैल घातली. "ही वीण आहे की मच्छरदाणी?"

१७ नोव्हेंबर

आता खांब शिकतेय. सुईवर एक वेढा घ्यायचा, टाक्यात घालायची, लोकर ओढून दोनदा सोडवायची — झाला एक उभा खांब. असे खांबाला खांब लागून एक ओळ. ऐकायला सोपं आहे. पोहणंही ऐकायला सोपंच असतं.

ऑफिसात नेलं होतं सामान. मी पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर बसते, तिथे लोकांचं ऐकायला कान लागतात, हात रिकामेच. टेबलाखाली खांब मोजत होते — सोळा, सतरा, अठरा — तेवढ्यात खिडकीशी एक आजोबा. "बाई, सात दिवस पाणी नाही!" मी लिहून घेतलं, आणि पुढचा खांब आठवा मोजला! पूर्ण ओळ वाया. त्यांच्यावर रागावताही येईना. त्यांचं पाणी, माझी लोकर, दोघांचंही अडलेलं.

२१ नोव्हेंबर

सरावाचा चौकोन घरी आणून पसरला. खाली वीतभर रुंद, वर येता येता दोन बोटं. मी विणला चौकोन आणि निघाला त्रिकोण! कुणीतरी मध्येच कातरल्यासारखा.

"दर ओळीचा शेवटचा खांब खातेस," सासूबाई म्हणाल्या. "तो कडेला लपलेला असतो, शोधावा लागतो. मीसुद्धा पहिल्यांदा खाल्ले होते."

त्यांनीसुद्धा! मी वर बघितलं तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

नवऱ्याने त्रिकोणावर गरम भांडं ठेवलं. छान बसलं. ही माझी पहिली हस्तनिर्मित भेट. त्याला देऊन टाकली.

२४ नोव्हेंबर

आज खऱ्या ब्लँकेटला हात लावला. आणि लावताक्षणी भांडण.

सासूबाईंची शेवटची ओळ डाव्या कडेला संपली होती, लोकर तिथेच लोंबत होती. त्या म्हणाल्या, "आता उलटव." उलटवलं. तर लोकर उजव्या टोकाला, आणि मला सुरुवात करायची डाव्या टोकाकडून! परत सुलटं केलं. "अगं, उलटव!" "आई, उलटवलं की लोकर पळते तिकडे!" "पळेल कशी? जन्मभर मी उलटवत आले!" "तुम्ही उजव्या आहात!" "मग काय गुन्हा केला?"

चांगला अर्धा तास ते ब्लँकेट धिरड्यासारखं उलटसुलट होत होतं. शेवटी लक्षात आलं — त्या विणतात उजवीकडून डावीकडे, मी डावीकडून उजवीकडे. म्हणजे एकदा, फक्त पहिल्या ओळीला, मी न उलटवताच सुरू करायचं.

केलं. जमलं! पण त्यामुळे त्यांची शेवटची आणि माझी पहिली, दोन ओळींची तोंडं एकाच बाजूला आली. एरवी एक ओळ तोंड दाखवते, पुढची पाठ. ब्लँकेटच्या मधोमध एक आडवी रेघ उमटली. आंधळ्यालाही बोटाने लागेल अशी.

"उसव," सासूबाई म्हणाल्या.

२७ नोव्हेंबर

उसवलं. परत घातलं. रेघ आहेच. परत उसवलं. आहेच.

सासूबाईंनी रेघेवरून डावा हात फिरवला आणि म्हणाल्या, "राहू दे. बाळ झाल्यावर कुणाला रेघा दिसतात!" पण त्यांना ती दिसत होती. चिमीलाही दिसणार, हे आम्हा दोघींना कळत होतं. लहानपणी ती यांच्या मांडीवर बसून टाके मोजायची.

२ डिसेंबर

शिकवण्याची पद्धत बदलली. उजवा हात प्लास्टरात, म्हणून सासूबाई डाव्या हाताचं बोट सुईसारखं वाकवून हवेत दाखवतात. त्यामुळे मला सगळं पटकन कळतं! जसं दिसतं तसं करायचं. त्या मात्र स्वतःच अडखळतात. मध्येच थांबतात, बोटाकडे बघतात. "हे बोट माझं ऐकत नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, "माझंही सुरुवातीला नव्हतं ऐकत." "तुझं अजून ऐकत नाही. वीण सैल आहे."

५ डिसेंबर

व्हिडिओ कॉल. चिमी म्हणाली, "आई, ब्लँकेट दाखव ना, कुठवर आलं?" सासूबाईंनी शालीतून डावा हात काढून नुसती कड दाखवली. खालची, स्वतःची. "बाकीचं गुपित." चिमी खूश. "उजवा हात का लपवतेस?" "थंडी आहे." सासूबाई इतकं सहज खोटं बोलतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मला नेहमी सगळं खरं खरंच का सांगायच्या मग?

१० डिसेंबर

माझी वीण आता बरी पडते म्हणे. 'बरी'! हा शब्द या घरात माझ्या वाट्याला पहिल्यांदा आला. जेवताना नवरा म्हणाला, "आज फार गाणं गुणगुणतेस?" मी म्हटलं, "छे."

२० डिसेंबर

प्लास्टर निघालं. मी सकाळीच ब्लँकेट, सुई, लोकर असं सगळं नीट घडी करून त्यांच्या खुर्चीवर ठेवून दिलं होतं. म्हटलं, घ्या बाई तुमचं राज्य, सुटले मी!

संध्याकाळी आम्ही दवाखान्यातून आलो. त्या खुर्चीवर बसल्या. सुई उचलली. पडली. परत उचलली, परत पडली. बोटं मिटतच नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट समोरासमोर येतात आणि तिथेच थांबतात.

हाडांचे डॉक्टर म्हणाले होते की शीर दबलीय, व्यायाम करा, येईलही, कदाचित पूर्ण येणार नाही. ते वाक्य दवाखान्यात मी ऐकलं होतं, कळलं मात्र आत्ता.

सुई कुणी उचलायची ते मला कळेना. मी उचलली आणि पुढची ओळ घ्यायला लागले. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माझी वीण पुन्हा दोर झाली, आणि त्यांनी टोकलं नाही, हे तर अजिबातच सहन झालं नाही.

२२ डिसेंबर

सासूबाईंनी सुयांचा डबा माझ्यापुढे सरकवला. बारीक, जाड, एक हाडाची, एक टोक वाकलेली. "ठेव तुझ्याकडे. माझ्या काय कामाच्या आता."

या डब्याला कुणी हात लावला की पूर्वी त्यांना दुसऱ्या खोलीतून कळायचं. मला तो डबा नको होता. पण 'नको' म्हणता येईना. घेतला, माझ्या कपाटात ठेवला. कपाट उघडलं की समोर तोच. त्याच्यावर ओढणी टाकलीय.

२७ डिसेंबर

आज खरं भांडण झालं. आधीची सगळी लुटुपुटूची.

ब्लँकेट संपत आलंय. सासूबाई म्हणाल्या, "माझं अर्धं उसव. सगळं तुझ्याच हाताने कर. म्हणजे रेघ राहणार नाही. चिमीला वाटेल मी वीण बदलली."

मी म्हटलं, "नाही."

"का नाही? वेळ आहे अजून."

"क्रोशे वरून उसवतं, आई. तुमचं उसवायचं तर आधी माझं उसवावं लागेल. माझं मी उसवणार नाही!"

"माझं म्हणे! चार दिवस झाले सुई धरून —"

"चार दिवस नाही! आणि तुम्हीच म्हणालात, बरी आहे म्हणून!"

नवरा मध्ये पडायला आला. दोघींनी एकदमच त्याला बाहेर पाठवलं. एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत झालं.

खरं काय ते इथे लिहिते. माझं उसवायला माझी हरकत नव्हती, महिनाभर तेच तर केलं. त्यांचं उसवायचं नव्हतं मला. कारण ते परत व्हायचं नव्हतं.

३ जानेवारी

ब्लँकेट पूर्ण! कडेने मुके खांब घातले. ते ठेंगणे असतात, कड नीट बसवतात. धुतलं, सावलीत वाळवलं, पार्सल केलं. पॅकिंगच्या वेळी सासूबाई रेघ आतल्या घडीत जाईल असं बघत होत्या. मीही बघत होते.

११ जानेवारी

मुलगी झाली! दोघी सुखरूप! सासूबाई खुर्चीवरून उठल्या, परत बसल्या, परत उठल्या. नवरा तीनदा म्हणाला, "मी मामा!" मी ऑफिसात खिडकीवरच्या प्रत्येकाला सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, "अभिनंदन, पण नळाचं काय?"

१६ जानेवारी

आज कॉल. स्क्रीनवर चिमी, तिच्या कुशीत एवढंसं नाक, आणि नाकाभोवती पिवळं ब्लँकेट. माझे खांब बाळाच्या हनुवटीला लागत होते!

चिमी बोलता बोलता ब्लँकेटवरून हात फिरवत होती. हात थांबला. "आई, इथपर्यंत तुझं आहे. इथून वर कुणाचं?"

नवऱ्याने छताचा पंखा नव्याने बघायला घेतला. मी म्हणणार होते की वीण बदललीय. तोंड उघडलंही.

सासूबाईंनी शाल बाजूला केली आणि हात कॅमेऱ्यापुढे धरला. "मनगट मोडलं होतं. आता बोटं मिटत नाहीत. खालचं अर्धं माझं, वरचं तुझ्या वहिनीचं."

चिमी रडली. मग रागावली. मग रडत रडत रागावली. "मला सांगितलं का नाही?"

"तू बॅग भरली असतीस."

भरलीच असती. नाक पुसून झाल्यावर ती म्हणाली, "पण वहिनीचं असं उलटं का दिसतं?"

"उलटं नाही, डावं आहे," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "आमच्याकडे आम्ही डावं-उजवं करत नाही."

मला असा ठसका लागला की नवऱ्याला पाणी आणावं लागलं.

२० जानेवारी

घर शांत. फार शांत. सासूबाई खुर्चीवर बसतात, हाताचा व्यायाम करतात, चेंडू दाबतात, तो घरंगळतो. मी भाजी चिरत होते, डाव्या हाताने. त्या उठून गेल्या नाहीत. उलट खुर्ची ओढून जवळ बसल्या, माझ्या हाताकडे बघत.

२ फेब्रुवारी

सकाळी चहा घेत होते. सासूबाई समोर येऊन बसल्या. "माझा डबा दे." दिला. त्यांनी जाड सुई निवडली, डाव्या हातात धरली, चमच्यासारखी, आणि म्हणाल्या, "शिकव."

तासाभराने पहिली साखळी झाली. चार टाके. गच्च!

"घट्ट नको, आई," मी म्हटलं. "दोर वळताय का?"