अक्रोडाएवढा कॅमेरा

७ ऑक्टोबर, शनिवार

आला एकदाचा. अक्रोडाएवढा! चिनात्सुने दोन्ही हातांवर ठेवून पुढे केला, देवाचा प्रसाद असल्यासारखा. "काका, बघा ना, अगदी आपला होशिमीच!"

बाहेरून आहे खरा. जुळ्या लेन्सा, वरचं झाकण, बाजूची किल्ली, सगळं जागच्या जागी. पण होशिमी म्हणजे आमच्या कारखान्याचा मानाचा कॅमेरा, गळ्यात घातला की मान दुखायची. हा चुकून गिळला जाईल. आणि म्हणे फोटोही काढतो – डिजिटल!

चिनात्सु म्हणजे मियासाकाची मुलगी. मियासाका अडतीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर. तो गेला त्याला तीन वर्षं झाली. पोरीने चार माणसं घेऊन ओकाया गावात छोटं वर्कशॉप काढलंय, संग्राहकांसाठी असल्या भातुकलीच्या वस्तू बनवते. आता पाचशे होशिमी करणार. कारखाना कधीच बंद पडला, नाव आमच्या माजी कामगार मंडळाकडे आहे. मंडळाने अट घातली – पूर्वीसारखी तपासणीची चिठ्ठी हवी, तिच्यावर तपासनिसाचा लाल शिक्का हवा. तपासनिसांपैकी जिवंत मी एकटा. तेव्हा माझा, या कोबोरीचा शिक्का, मगच नाव. ३ नोव्हेंबरच्या सभेत निकाल.

"नाव नाही मिळालं तर नव्या वर्षात वर्कशॉपला कुलूप, काका." हे ती हसत म्हणाली. बाप पण असाच हसायचा, वाईट बातमी सांगताना.

८ ऑक्टोबर, रविवार

अंगणात दहा फोटो काढले. अरे देवा!

झाडावरची नारिंगी पर्सिमन फळं उमेबोशीसारखी, खारवलेल्या लाल आलुबुखारासारखी आलीत. आकाश जांभळं. सुवा सरोवर म्हणजे सांडलेलं डाळीचं पाणी. फुसाएचा फोटो काढला तर नाक-डोळे गायब, नुसता वाफवलेला मोची, तांदळाचा गोळा. तिला दाखवला. म्हणाली, "अहो, सुरकुत्या गेल्या की! ठेवा हा." बायकोला काय कळतंय!

पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यात बघून फोटो काढायचा म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न बघायचं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

बटण दाबलं. मांजर उठलं, अंग ताणलं, निघून गेलं. मग फोटो निघाला – भिंतीचा.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

चिनात्सुला सांगितलं, रंग भिकार आहेत, अंधारात माशाच्या अंड्यासारखे ठिपके येतात, यंत्र मठ्ठ आहे – सगळं माफ. खेळणं आहे. माझी एकच अट. मधली रेष सरळ हवी. एवढंही जमत नसेल तर होशिमीचं नाव लावू नका.

आज रीतसर तपासणी. चौकटींचा, मधोमध मोठी फुली असलेला कागद भिंतीवर लावला, फोटो काढला, तिच्याकडून कागदावर छापून घेतला. जुनं भिंग काढलं. डावा डोळा मिटला, उजवा भिंगाला लावला. हात अजून कापत नाही, बघ मियासाका!

मधोमध लाट! फुलीची उभी रेष मध्यावर आली की पोटात गुद्दा बसल्यासारखी वाकते. मध्य नापास झाला की कोपरे बघायचेच नाहीत, हा आमच्या टेबलाचा नियम. मिटवलं भिंग. नापास.

चिनात्सु बघतच राहिली. "मध्यावर, काका? कोपरे ओढले जातात, ते मला माहितीये. पण मध्य तर..." 

"तर काय?"

"नाही, काही नाही. बघते परत."

१५ ऑक्टोबर, रविवार

नागोयाहून एक संग्राहक आला चिनात्सुकडे, तिने गाठ घालून दिली. आगाऊ तीन मागवलेत त्याने. विचारलं, फोटो कसे वाटतात? माणूस दचकला.

"फोटो? खोका कोण उघडणार, कोबोरीसान! सील तोडलं की गेली ना मजा."

"मग आत लेन्स आहे की दगड, कसं कळणार तुम्हाला?"

"आपला शिक्का असेल ना वर."

म्हणजे पाचशे लोक हे घेणार, एकही फोटो काढणार नाही, आणि आतल्या लेन्सची जबाबदारी माझ्या शिक्क्यावर! कपाळ माझं. म्हणूनच खोटा शिक्का मारणार नाही. उघडणारा एकही नसला तरी नाही. उलट उघडणारा नाही म्हणूनच नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

चिनात्सुने दुसरी लेन्स घालून आणली. तीच लाट. तिथेच. नापास.

नोझावानाच्या पाल्याचं लोणचं ठेवून गेली, चांगलं मुरलेलं होतं. जाताना दारात म्हणाली, "बाबा म्हणायचे, कोबोरीने वाकडं म्हटलं की वाकडं. मोजायच्या भानगडीत पडायचं नाही."

मियासाका असं म्हणायचा? मला कधी बोलला नाही. बरं वाटलं, कशाला खोटं लिहू. जेवताना फुसाएलाही सांगितलं, दोनदा.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

तिसरी लेन्स. तैवानहून मागवली म्हणे, आधीच्यापेक्षा महाग. लाट तशीच! ही पोरगी लेन्स विकत घेते की लाटा? चांगलाच तडकलो. म्हटलं, बापाच्या टेबलावर असली लेन्स आली असती तर त्याने खिडकीतून फेकली असती. तिचा चेहरा उतरला. मान खाली घालून "माफ करा" म्हणाली. डोळ्यांखाली काळं पडलंय. झोपत नसावी.

फुसाए आतून ऐकत होती. चिनात्सु गेल्यावर म्हणाली, "एवढं बोलायला हवं होतं का?" बोलायला हवं होतं. गोड बोलून लेन्स सरळ होत नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार

मंडळाचा अध्यक्ष यागासाकी सोबाच्या शेवया खायला घेऊन गेला. वास आला मला – मस्का! वाटीत तोंड घालून म्हणतो, "कोबोरीसान, पोरीचं वर्कशॉप बुडेल हो. थोडं... नजरेआड नाही करता येणार?"

नजरेआड! मला! तपासनिसाला! कागद काढून त्याच्या वाटीशेजारी ठेवला. "तूच सांग, सरळ आहे?"

त्याने चष्मा वर केला, खाली केला, माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "हं. आता तुम्ही म्हणताय तर... वाकलीये खरी."

आता तुम्ही म्हणताय तर म्हणे! डोळे आहेत की बटणं?

३ नोव्हेंबर, शुक्रवार

झाली सभा. अकरा म्हातारे, एक चिनात्सु. कागद सगळीकडे फिरवला. प्रत्येकाने जवळ धरला, लांब धरला, "हं" म्हटलं. "आहे, आहे." "थोडीशी लाट आहेच." "कोबोरीसानांची नजर ती!" एकाचंही दुमत नाही. अडतीस वर्षांत एवढं एकमत पगारवाढीवरही झालं नव्हतं.

शिक्का खिशातच राहिला. नाव द्यायचं नाही असं ठरलं.

चिनात्सु उठली, कमरेत वाकली, बराच वेळ तशीच राहिली. "तुम्हाला त्रास झाला. सोमवारी माझ्या माणसांना सांगेन." यागासाकीने घसा खाकरला. कुणीतरी चहा ओतायला लागलं.

बाहेर तिला गाठलं. बोलावंसं वाटलं काहीतरी, बापाची जागा आहे. म्हटलं, "राग मानू नकोस. सरळ रेष म्हणजे काय ते उद्या ये, दाखवतो. होशिमीचा तपासणीचा एक कागद जपून ठेवलाय, सहासष्ट सालचा. मी पास केलेला. बघितलास की कळेल."

"येते, काका," म्हणाली. आली नाही तरी चालेल असा आवाज होता. तिचं आता काय होणार कोण जाणे! पण वाकडं ते वाकडं.

४ नोव्हेंबर, शनिवार

चिनात्सु यायच्या आधी तो कागद काढला. पातळ डब्यात होता, जसाच्या तसा. कोपऱ्यात माझा लाल शिक्का. भिंग ठेवलं, उजवा डोळा लावला.

लाट. मध्यावर. तशीच.

ओल लागली असेल म्हणून खिडकीत नेला. दिवा बदलला. भिंग पुसलं. मग आयुष्यात पहिल्यांदा डावा डोळा भिंगाला लावला. रेष सरळ. चिनात्सुचे तिन्ही कागद लावले. सरळ, सरळ, सरळ.

फुसाए चहा घेऊन दारात उभी. "अहो, काय झालं?" डावा डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. केस दिसले, एप्रन दिसला, हातातलं तबक दिसलं. चेहरा नव्हता.

म्हटलं, आधी मियासाकाच्या पोरीला फोन लाव. डॉक्टरचं नंतर बघू.