वाऱ्याची जाड पिशवी उतरवण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
खासगी विमान धावपट्टी कार्यालय

विषय : खांबावरील वाऱ्याची पिशवी सोमवार सकाळपूर्वी उतरवण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र जा. क्र. ४१७, 'पिशवी सुस्थितीत असल्याने बदलता येत नाही.'

महोदय,

१. मी या धावपट्टीवर सोळा वर्षे वाऱ्याची नोंद ठेवतो. लहान विमानाने वाऱ्याकडे तोंड करून उतरायचे असते, आणि वारा कुठला हे वैमानिक पिशवीवरून ताडतो. पातळ पिशव्या दरवर्षी फाटत, म्हणून आपण गेल्या वर्षी ताडपत्रीची शिवून घेतली. ती फाटत नाही हे खरे. ती फुगतही नाही. नाकापेक्षा मोती जड झाला आहे. भर वाऱ्यातही ती मान टाकून लोंबते आणि वरच्या माणसाला वाटते, वारा पडला.

२. त्यामुळे तीन विमाने वारा पाठीशी घेऊन उतरली आणि पट्टी संपली तरी थांबली नाहीत. पहिले कुंपणात घुसले. दुसऱ्याचे चाक मोडले. तिसरे चालवणारे दंतवैद्य अजून अंथरुणावर आहेत. त्यांच्या आई मला फोन करून एकच विचारतात, त्या दिवशी वारा होता का.

३. चौकशीत दोष दंतवैद्यांवर आला, कारण वारा शांत असल्याचा पुरावा होता : छायाचित्रातली लोंबती पिशवी आणि माझी नोंदवही. पिशवी दाखवेल तेच लिहावे, हा आपलाच आदेश. त्या दिवशी माझी टोपी उडाली. ती कुंपणापलीकडून आणली, एका हाताने डोक्यावर दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने लिहिले, 'वारा शांत.' सही माझी आहे. मला तिची लाज वाटते.

४. याआधी तीन अर्ज केले. पहिल्यास उत्तर आले, पिशवी सुस्थितीत आहे, तिला पाच वर्षांची हमी आहे. दुसऱ्यास, वारा होता हे आधी सिद्ध करावे, आणि ते पिशवीवरूनच करावे. तिसऱ्यास, पिशवी आता पुराव्यात जमा असल्याने तिला हात लावू नये. सबब शिडीला कुलूप घातले आहे. महोदय, हातच्या काकणाला आरसा कशाला? आपण नुसती खिडकी उघडावी.

५. सोमवारी माझी भाची पहिल्यांदाच एकटी विमान उतरवणार आहे. वारा जोराचा सांगितला आहे. मी तिला सगळे समजावले. ती हसली आणि म्हणाली, मामा, तुम्ही उगाच घोर लावून घेता. वर्षभर तिने नोंदवही वाचली आहे, आणि तीत सगळीकडे माझेच अक्षर आहे. आता माझ्या तोंडापेक्षा माझ्या अक्षरावर तिचा विश्वास जास्त आहे.

६. तरी शिडीची चावी द्यावी, नाहीतर पट्टी एक दिवस बंद ठेवावी. दोन्ही जमत नसेल तर सोमवारची नोंद आपण स्वतःच्या हाताने करावी. माझ्याने ती होणार नाही.

आपल्या दाराबाहेर बाकावर बसून असलेला,
आपला नम्र,
(सही)
वारा-नोंदणी कारकून
दिनांक : १२, शुक्रवार

सोबत :
१) नोंदवहीच्या तीन पानांच्या प्रती.
२) अपघात अहवालाचा छापील नमुना, एक. सोमवारचा दिवस, पट्टी आणि वाऱ्याचा रकाना भरला आहे. वैमानिकाच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे, तिथे माझा हात चालत नाही.