कुंकू लागलेल्या नोटा

उइटहॉर्न,
२० फेब्रुवारी २०२२

प्रिय अपूर्व,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. परवाच्या वादळात अंगणातलं सायकलींचं शेड आडवं झालं आणि अरुणची नवीकोरी सायकल नेमकी त्याखाली सापडली. दोन दिवस तो विमा कंपनीला तिचे फोटो पाठवतोय, वेगवेगळ्या कोनांतून, लग्नाचा अल्बम करावा तसे. संहिता मात्र खूश आहे, कारण शाळेला सुट्टी मिळाली. फोनवर बोलता आलं असतं हे मलाही कळतं. पण फोनवर तू तिसऱ्या मिनिटाला "ताई, मीटिंग आहे" म्हणतोस, आणि आज मला मध्येच तुटायचं नाहीये.

आधी माझंच खोटं सांगून टाकते. मी हॉटेलच्या अकाउंट्समध्ये कामाला नाही. गेल्या जूनमध्ये सगळं पुन्हा उघडलं तेव्हापासून मी एका कॅसिनोत आहे. पत्ते आणि चाकाच्या टेबलांपाशी नाही, तिथेच एका बाजूला सामन्यांवर पैसे लावायचा कक्ष आहे, त्याच्या कॅश काउंटरवर. पुण्यात अकरा वर्षं सहकारी बँकेत नोटा मोजल्या आणि इथे आल्यावर नऊ वर्षं बोटांना काम नव्हतं. मुलाखतीत त्यांनी एक गठ्ठा समोर ठेवला, मी तो मशीनच्या आधी मोजला, आणि नोकरी मिळाली. पण मराठी मंडळातल्या बायकांना काय सांगणार? कुमुदिनी जुगाराच्या अड्ड्यावर बसते म्हणून? मग हॉटेल म्हटलं, आणि ते सगळ्यांना शोभून दिसलं. अरुणला खरं माहीत आहे. तुला सांगायचं राहिलं असं मी म्हणणार नाही, मी सांगितलंच नाही.

तुला आठवतं का, शाळा सुटली की तू बँकेत येऊन माझ्या पिंजऱ्यासमोरच्या बाकावर बसायचास? गठ्ठा नुसता लांबून बघून किती हजारांचा आहे ते सांगायचास आणि बऱ्याचदा बरोबर यायचं. मॅनेजर कौतुकानं तुला चहाबरोबरची बिस्किटं द्यायचे. मीही कौतुकच करायचे.

इथलं काम तसं सोपं आहे. लोक एका सामन्यावर दोन-तीन हजार युरो रोख लावतात हे सुरुवातीला मला खरंच वाटायचं नाही. पैसे गिऱ्हाइकासमोर दोनदा मोजायचे, एकदा मशीननं आणि एकदा हातानं, आकडा काचेबाहेरच्या पडद्यावर दाखवायचा, पावती द्यायची. रक्कम एका मर्यादेच्या वर गेली की सुपरवायझर येतो, फॉर्म येतो, पैसे कुठून आले याची चौकशी होते. मर्यादेच्या जरा खाली थांबणारी माणसं आम्हाला लगेच कळतात. आणि समोर कोण आलं, किती लावले, याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही, अरुण नवरा असला तरी त्याच्यापाशीसुद्धा नाही. तशी सही करून दिली आहे मी.

जानेवारीच्या शेवटी लॉकडाऊन उठलं, आणि पुढच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, तू आलास.

मास्क तुलाही होता, मलाही होता. मध्ये काच, माझे केस बांधलेले, अंगावर कॅसिनोचा कोट. तू मान वर करून बघितलंच नाहीस, तुझे डोळे सारखे वरच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे. मी मात्र तुझा हात खाचेतून आत आल्याबरोबर ओळखला. दोन हजार होते. मला वाटलं, हाक मारावी. मग वाटलं, शेजारच्या काउंटरवरची मुलगी बघते आहे, तू शरमशील, आणि माझंही बिंग फुटेल. मी मोजले, पावती सरकवली, तू "थँक यू मॅम" म्हणालास. बहिणीला मॅम! संध्याकाळी तू जिंकलास. पैसे न्यायला आलास तेव्हाही मीच होते. चार हजारांच्या वर मोजून दिले, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, जिंकलाय, आता थांबेल. आठ महिने तिथे बसलेल्या बाईला असं वाटावं, म्हणजे कमाल आहे.

पुढच्या गुरुवारी तू चार हजार आठशे घेऊन आलास, मर्यादेच्या दोनशेच खाली. मशीननं मधल्या नोटा बाहेर फेकल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा फेकल्या. हातात घेऊन बघते तर पन्नासाच्या नोटांवर लाल डाग. इथे कुणी एटीएम फोडलं की आतला रंग नोटांवर उडतो, म्हणून लाल डाग दिसला की सुपरवायझरला बोलवायचं, पैसे बाजूला ठेवायचे, वेळ आली तर पोलीस. सुपरवायझर आला. त्यानं नोट उजेडात धरली, तुझ्याकडे बघितलं, आणि माझ्या भावाला चोर समजतायत एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. मी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं की हा रंग नव्हे, ही पूजेची पावडर आहे, आमच्याकडे पैशाला लावतात, काही काळजी करू नका. त्यानं बोट चोळून बघितलं, हसला, आणि घे म्हणाला.

पावती तुझ्या हातात गेल्यावर मला कळलं की मी कोणत्या पैशांची हमी दिली. ते कुंकू मीच वाहिलं होतं, अपूर्व. दोन वर्षं गणपती स्क्रीनवर झाला, हॉल नाही, जेवण नाही, खर्च नाही. तरी लोकांनी वर्गणी दिली, तीही पाकिटातून, रोख, वर एक युरोचं नाणं चिकटवून, कारण देवाचे पैसे फोनवरून पाठवायला आपल्या माणसांना बरं वाटत नाही. मंडळाचं बँकेत खातं नाही, खजिनदार तू, म्हणून डबा तुझ्या देवघरात. सप्टेंबरमध्ये विसर्जनाच्या दिवशी त्या सगळ्या नोटा ताटात ठेवून तुमच्या घरच्या गणपतीपुढे मांडल्या आणि मी हळदकुंकू वाहिलं. श्रुती म्हणालीसुद्धा, ताई, नोटांवर नको, डाग पडतात. मी ऐकलं नाही.

मागच्या खोलीत मी गप्प बसले असते, तर पैसे तिथेच अडकले असते. थोडी बदनामी झाली असती, पण पैसे राहिले असते. त्या दिवशीचा सामना मी स्टाफरूममध्ये फोनवर बघत बसले. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरी नव्वद मिनिटं कुणा परक्या मुलांनी चेंडू जाळ्यात घालावा म्हणून देवाला हात जोडत होते. तुझे पैसे गेले. तू आणखी दहा मिनिटं त्या रिकाम्या पडद्यासमोर उभा होतास. तोवर मी परत काचेआड येऊन बसले होते आणि मला उठून बाहेर येता आलं नाही.

रविवारी तुझा नेहमीसारखा फोन आला. तू आईच्या गुडघ्याचं बोललास, मी शेडचा पत्रा खडखडतो ते सांगितलं. दोघंही किती छान खोटं बोलतो आपण! डब्यातले पैसे गुपचूप मी भरावेत असंही मनात आलं. माझ्या नावावर तेवढे आहेत. पण भरलेला डबा बघून तू काय करशील, हे मला आता माहीत आहे. हे कधी सुरू झालं असेल, याचाही विचार करत बसते. बाबा गेले त्या एप्रिलपासून का? विमानं बंद, अंत्यसंस्कार फोनवर, आणि तू म्हणाला होतास, ताई, आपल्याला काही म्हणजे काहीच करता येत नाही. तेव्हा मी तुला समजावलं होतं. आता मला कुणी समजवायला नाही. तुम्हा नवरा-बायकोच्या जोडखात्याला हात लावलास तर श्रुतीला दिसेल, म्हणून तू डब्याला हात लावलास. याच्यापुढे कशाला लावशील ते मला बघायचं नाहीये.

म्हणून परवा, वादळात वीज जात-येत होती तेव्हा, मी एक अर्ज भरला. इथे सरकारची एक नोंदवही आहे. तीत नाव असलेल्या माणसाला कुठल्याही कॅसिनोच्या दारातून आत सोडत नाहीत. आपलं नाव आपण घालू शकतो, आणि माणूस स्वतः घालत नसेल तर घरच्यांना तसा अर्ज करता येतो. मी तुला आधी विचारलं नाही, कारण तू रडला असतास आणि मग माझ्या हातून ते झालं नसतं. अर्जात विचारलं होतं, तुम्हाला हे कसं माहीत. मी लिहिलं, मी त्याची बहीण आहे आणि त्याचे पैसे मी मोजून घेतले. त्या वाक्यानं माझी नोकरी जाईल, जाऊ दे. आता तुझ्या घरी त्यांचं पत्र येईल, अर्ज कुणी केला तेही त्यात असेल. ते डचमध्ये असेल, आणि तुमच्या घरात डच पत्रं श्रुती उघडते. किती दिवसांत येईल ते मला फोनवर कुणी सांगू शकलं नाही. म्हणून हे पत्र मराठीत, तुझ्या नावानं, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. ते पत्र यायच्या आत श्रुतीला तू तुझ्या तोंडानं सांग. हवं तर माझा राग राग कर, मला ताई म्हणू नकोस, पण आज घरी जाशील तेव्हा सांग.

तुझीच,
ताई